घर साफ ठेवायचंय? व्हिनेगर-सोड्यापासून कामाला ताई ठेवण्यापर्यंत, एक एक पायरी

घर साफ करायचं म्हटलं की आपण आधी बाटलीपाशी जातो. कुठला क्लीनर चांगला, नॅचरल घ्यावं का केमिकलवालं, व्हिनेगरनं खरंच निघतं का वगैरे. मी पण बरीच वर्षं तेच केलं, सिंकखालचं कपाट बाटल्यांनी गच्च भरलं आणि बाथरूमचे नळ मात्र होते तसेच पांढरे. मग एक साधी गोष्ट वाचनात आली आणि तिथून माझी काम करायची पद्धतच बदलली, म्हणून आधी तीच सांगते.

१९५९ साली हर्बर्ट सिनर नावाच्या जर्मन केमिकल इंजिनियरनं असं मांडलं की कुठलीही सफाई चार गोष्टींच्या जोरावर होते: केमिकल, घासणं, उष्णता आणि वेळ. यातली एक कमी केली की बाकीच्या तिघींपैकी कुणालातरी ती भर काढावी लागते. सफाईच्या धंद्यात याला सिनरचं वर्तुळ म्हणतात. आता हे घरात लावून बघा. व्हिनेगर, सोडा, साबण ह्या सगळ्या सौम्य वस्तू, म्हणजे केमिकलचा जोर कमी, म्हणजे वेळ जास्त द्यायला हवा. आणि आपण काय करतो, स्प्रे मारतो, लगेच पुसतो, आणि म्हणतो नॅचरलनं काही होत नाही. होतं, पण त्याला अर्धा तास पडून राहू द्यायला लागतं. आणि तो अर्धा तास घरात कुणाकडेच नसेल तर मग दुसऱ्या माणसाचा वेळ पैसे देऊन घ्यावा लागतो, त्यात काही गैर नाही, फक्त तो नीट आणि मानानं घ्यावा. म्हणून हा लेख सोड्यापासून सुरू होऊन माणसापर्यंत जातो.

पायरी १: कागद घेऊन घरभर फिरा

काहीही न उचलता, न पुसता, फक्त फिरायचं. प्रत्येक खोलीत दारात उभं राहून बघायचं आणि लिहायचं की नेमकं काय खराब आहे. "बाथरूम घाण आहे" असं लिहू नका, त्यानं काही कळत नाही. "नळावर पांढरे क्षार, टाइल्सच्या फटीत काळी बुरशी, मोरीच्या जाळीत केस" असं लिहा, कारण ह्या तिन्हीचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. घरातली घाण ढोबळमानानं पाच-सहा जातींचीच असते: कोरडी धूळ, ओशट चिकटपणा, पाण्याचे क्षार, साबणाचा थर, बुरशी, आणि डाग. जात ओळखली की अर्धं काम झालं.

हा कागद जपून ठेवा, शेवटच्या दोन पायऱ्यांत परत लागणारे.

पायरी २: पसारा वेगळा, सफाई वेगळी

जमिनीवर खेळणी, खुर्चीवर कपडे, ओट्यावर बरण्या असताना पुसायला घेतलं की प्रत्येक वस्तू उचला-ठेवा करण्यातच जीव जातो. एक मोठी टोपली घ्या, जे जागेवर नाही ते सगळं त्यात टाका आणि नंतर ज्याचं त्यानं उचलायचं. लहान मुलांना हे छान जमतं, चार-पाच वर्षांचं मूल सुद्धा स्वतःची खेळणी टोपलीत टाकू शकतं, आठ-दहा वर्षांचं मूल खालची कपाटं पुसू शकतं. फक्त कुठलीही बाटली मुलांच्या हातात द्यायची नाही, साधं ओलं फडकं पुरे.

पायरी ३: कपाटात काय ठेवायचं

खरं सांगायचं तर यादी फार छोटी आहे.

भांड्यांचं लिक्विड सोप. घरातल्या बहुतेक कामाला हेच लागतं, एक बादली पाण्यात थोडंसं. फेस जास्त म्हणजे सफाई जास्त असं नसतं, उलट फरशीवर साबणाचा थर राहतो आणि त्याला दुप्पट धूळ चिकटते.

साधं पांढरं व्हिनेगर. यात साधारण ५ टक्के ॲसिटिक ॲसिड असतं आणि त्याचं एकच मोठं काम आहे, पाण्याचे क्षार विरघळवणं. क्षार म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, ॲसिड लागलं की ते विरघळतं, बारीक बुडबुडे येतात, म्हणजे काम चालू आहे. तेलकट चिकटपणावर व्हिनेगर फारसं चालत नाही, तिथं उगाच ओतू नका.

सायट्रिक ॲसिडची पावडर. हे माझं सगळ्यात आवडतं. लिंबात असतं तेच ॲसिड, वास नाही, पावडर असल्यामुळे वर्षभर टिकते, आणि किटलीतले क्षार काढायला याच्यासारखं काही नाही. १ लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा, अर्धा तास, मग दोन-तीनदा स्वच्छ धुवायचं.

बेकिंग सोडा. हलकंसं अल्कली (म्हणजे ॲसिडच्या उलट गुणाचं) आणि बारीक दाणा, त्यामुळे चरे न पाडता घासायला चांगला. फ्रिजमधला वास, चहाच्या कपातले डाग, सिंक, हे त्याचं काम.

धुण्याचा सोडा. हा बेकिंग सोड्याचा मोठा भाऊ, बराच तीव्र. ओशटपणावर खरा हाच चालतो, कारण गरम पाण्यात तो तेलाचा थोडा साबणच करून टाकतो. पण हातमोजे घालूनच, आणि ॲल्युमिनियमला अजिबात लावू नका, काळं पडतं.

आणि मायक्रोफायबरची फडकी. दोन-तीन रंगांची घ्या आणि रंग ठरवून टाका, एक स्वयंपाकघराचं, एक बाकी घराचं, एक संडास-बाथरूमचं, आणि ही वाटणी कधी म्हणजे कधीच बदलायची नाही. धुताना त्यात फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि फडकं धूळ-पाणी दोन्ही धरेनासं होतं.

आता एक गोष्ट जरा जोर देऊन सांगते, कारण सगळीकडे हेच व्हिडिओ फिरतात. व्हिनेगर आणि बेकिंग सोडा एकत्र करू नका. फेस खूप येतो, बघायला मस्त वाटतं, पण एक ॲसिड आणि एक अल्कली, दोघं एकमेकांना संपवतात आणि खाली उरतं जवळजवळ खारट पाणी. १०० मिली व्हिनेगर मारायला साधारण ७ ग्रॅम सोडा पुरतो, म्हणजे दीड छोटा चमचा. आधी सोड्यानं घासा, धुवा, मग हवं तर व्हिनेगर, असं केलं तर दोघांचाही उपयोग होतो. तसंच चरबीपासून केलेल्या खऱ्या साबणात व्हिनेगर घातलं तर साबण फाटतो, पांढऱ्या गुठळ्या होतात आणि तेच वर चिकटतं.

आणि व्हिनेगर, लिंबू, सायट्रिक ॲसिड यापैकी काहीही संगमरवराला लावायचं नाही. संगमरवर म्हणजे सुद्धा कॅल्शियम कार्बोनेटच, तुमचे क्षार विरघळतात तसा दगडही विरघळतो. मी एकदा "नॅचरल आहे, काय होतंय" म्हणून संगमरवरी टेबलावर लिंबाचा अर्धा भाग उपडा ठेवला होता, त्याचा मंद गोल डाग आजही तिथंच आहे, तो पॉलिश केल्याशिवाय जात नाही. मोझाइक फरशीतही बऱ्याचदा संगमरवराचे तुकडे असतात, तिथं पण हेच लागू.

पायरी ४: क्रम

वरून खाली, कोरडं आधी ओलं नंतर, स्वच्छ जागेकडून घाण जागेकडे, आणि आतल्या कोपऱ्यातून दाराकडे. एवढंच पाठ करा.

कोळिष्टकं आणि पंखा आधी (पंख्याचं पातं जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून पुसलं की धूळ आतच राहते, अंथरुणावर पडत नाही), मग कपाटांचे माथे, मग टेबल-खुर्च्या, मग झाडणं, आणि सगळ्यात शेवटी फरशी. धूळ न झाडता ओलं फडकं फिरवलं की चिखल होतो आणि मग आपण म्हणतो पाच वेळा पुसलं तरी फरशी काळीच. फरशी पुसताना बादलीतलं पाणी दर खोलीला बदला, खूप जणं पूर्ण घर एकाच पाण्यात पुसतात म्हणजे एका खोलीची घाण दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवतात.

पायरी ५: स्वयंपाकघर

इथली मुख्य घाण ओशट, म्हणून इथली मुख्य ताकद गरम पाणी. शेगडीच्या वरच्या चिमणीची जाळी काढा, स्टीलची असेल तर मोठ्या टबात अगदी कढत पाण्यात दोन-तीन चमचे धुण्याचा सोडा आणि थोडं भांड्यांचं लिक्विड घालून अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा आणि तोवर दुसरं काम करा. जाळी ॲल्युमिनियमची असेल तर (बऱ्याच असतात, वजनाला हलकी, मऊ) धुण्याचा सोडा नको, फक्त लिक्विड आणि गरम पाणी. कपाटांच्या दारांवर बसलेला चिकट थर सुद्धा असाच, गरम साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं पाच मिनिटं दाबून धरलं की मऊ पडतो. तारेच्या घासणीनं खरवडू नका, चरे पडतात आणि पुढच्या वेळी घाण त्या चऱ्यातच बसते.

स्पंज हा स्वयंपाकघरातला सगळ्यात दुर्लक्षित प्राणी. सतत ओला, त्यात अन्नाचे कण, म्हणजे जंतूंची सोयच. वापरून झाला की पिळून उभा ठेवा, सुकू द्या, वास यायला लागायच्या आधीच बदला, आणि ज्या स्पंजनं भांडी त्याच स्पंजनं ओटा असं नको.

सिंक तुंबलं तर सोडा-व्हिनेगरचा फेस काही करत नाही. आधी जाळी काढून अडकलेलं हातानं काढा, खालचा बाकदार पाइप उघडता येत असेल तर खाली बादली ठेवून उघडा. उकळतं पाणी प्लॅस्टिकच्या पाइपात ओतू नका, पाइप मऊ पडून सांधे हलतात, कढत नळाचं पाणी चालेल.

पायरी ६: बाथरूम, जिथं खरी परीक्षा

बाथरूममधला तो पांढरट राखाडी थर, जो घासून घासून हात दुखला तरी जात नाही, तो दोन गोष्टींचा असतो. एक पाण्याचे क्षार, आणि दुसरं म्हणजे अंगाचा साबण क्षार जास्त असलेल्या पाण्यातल्या कॅल्शियमबरोबर मिळून तयार झालेला न विरघळणारा चिकट थर. दोन्हीत कॅल्शियम आहे, म्हणून दोन्हीला ॲसिड लागतं, आणि साबण लावून घासलं तर उलट भरच पडते. त्यामुळे असं करा.

टाइल्स आणि काचेचं दार आधी गरम पाण्यानं भिजवा. मग कोमट व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडचं पाणी फडक्यानं लावा, आणि पंधरा-वीस मिनिटं विसरून जा. उभ्या भिंतीवर ओघळून जातं, म्हणून टिश्यू पेपर भिजवून चिकटवला तर टिकतं. नळाला व्हिनेगरमध्ये भिजवलेला पेपर गुंडाळा, शॉवरचं तोंड छोट्या पिशवीत व्हिनेगर भरून त्यात बुडेल असं रबरानं बांधा, अर्धा तास पुरे. रात्रभर ठेवू नका, आणि सोनेरी किंवा पितळी मुलामा असलेल्या नळांना हे करूच नका. मग मऊ ब्रशनं घासून भरपूर पाण्यानं धुवायचं. टाइल्समधल्या सिमेंटच्या फटीत पण कॅल्शियम असतं, म्हणून तिथं ॲसिड दर आठवड्याला नको, आणि लावायच्या आधी फटी साध्या पाण्यानं भिजवून घ्या म्हणजे त्या कमी शोषतात.

थर निघाला की तो परत येऊ न देणं फार सोपं आहे आणि तेच कुणी करत नाही: अंघोळ झाली की वायपरनं भिंत आणि काच ओढून टाकायची, एक मिनिट लागतं. पाणी सुकून क्षार मागे राहतात, पाणीच राहिलं नाही तर क्षार कुठून येणार.

बुरशीचं पण मूळ पाणीच. काळे ठिपके पुसले आणि हवा खेळती केली नाही तर पंधरा दिवसांत परत. एक्झॉस्ट पंखा अंघोळीनंतर निदान अर्धा तास चालू ठेवा, खिडकी उघडी ठेवा, ओले टॉवेल आत साठवू नका. टाइल्सवरची बुरशी ३ टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडनं दहा-पंधरा मिनिटं भिजवून घासली की बरीच जाते (ते गडद बाटलीतच ठेवायचं, उजेडानं त्याचं नुसतं पाणी होतं). पण भिंतीचं प्लास्टर ओलं असेल, रंगाचे पोपडे सुटत असतील, तर तो सफाईचा प्रश्नच नाही, आत कुठंतरी पाणी झिरपतंय, प्लंबर बोलवा.

संडासच्या भांड्यातला पिवळट-तपकिरी थर म्हणजे सुद्धा क्षारच. सायट्रिक ॲसिडची पावडर दोन-तीन चमचे रात्री टाकून सकाळी ब्रश केला तर बाजारातल्या कडक क्लीनरची गरज बऱ्याचदा पडत नाही. इथं रात्रभर चालतं, कारण भांडं चिनी मातीचं आहे.

पायरी ७: काय कधीही एकत्र करायचं नाही

हा भाग कृपा करून घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा.

ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइटचं द्रव) आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन हा विषारी वायू निघतो. ॲसिडमध्ये टॉयलेट क्लीनर आलं, व्हिनेगर आलं, लिंबू पण आलं. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन, तो पण विषारी, आणि अमोनिया काही काच पुसायच्या लिक्विडमध्ये असतो. ब्लीच आणि स्पिरिट-अल्कोहोल नको. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि व्हिनेगर एका बाटलीत नको, त्यातून डोळे-घसा जाळणारं पेरॲसिटिक ॲसिड तयार होतं. मोरी मोकळी करायचं एक औषध टाकल्यावर नाही चाललं म्हणून वरून दुसरं कधीच नको.

आमच्याकडे एकदा मी सकाळी संडासच्या भांड्यात ब्लीच ओतून ठेवलं आणि कामाला निघून गेले असते तर काय झालं असतं माहीत नाही, पण नशिबानं घरीच होते. कामाच्या ताई आल्या, त्यांनी नेहमीसारखं ॲसिडवालं क्लीनर त्यावरच टाकलं. दार बंद, खिडकी छोटी. त्या खोकत बाहेर आल्या, डोळ्यांतून पाणी, अर्धा तास खोकला थांबेना. चूक पूर्ण माझी होती, मी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून आमच्याकडे ब्लीच संडासात वापरतच नाही, आणि आत काही टाकून ठेवलं असेल तर दारावर चिठ्ठी लावलेली असते. असं काही झालंच तर साफ करत बसू नका, आधी बाहेर मोकळ्या हवेत या, बाकीच्यांना बाहेर काढा, आणि श्वासाला त्रास वाटला तर लगेच डॉक्टर.

जंतुनाशक रोज लागत नाही, हे पण यातच सांगते. साबण-पाण्यानं घासून धुतलं की बहुतेक जंतू वाहून जातात. घरात कुणाला उलट्या-जुलाब असतील, कच्च्या मांसाचं पाणी ओट्यावर सांडलं असेल, तेव्हा जंतुनाशक वापरा, आणि तेव्हाही आधी साबणानं धुवून मगच, कारण घाणीवर टाकलेलं ब्लीच घाणीतच खर्ची पडतं. घरगुती ब्लीच (साधारण ५ ते ८ टक्क्यांचं) असेल तर १ लिटर साध्या थंड पाण्यात ४ छोटे चमचे, लावून निदान पाच मिनिटं ओलं राहू द्यायचं, आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही. बाटलीवर वेगळं प्रमाण लिहिलं असेल तर तेच पाळा. व्हिनेगर हे जंतुनाशक नाही, आजारी माणसाच्या खोलीत त्याच्या भरवशावर राहू नका.

"नॅचरल" म्हणजे निर्धोक असंही समजू नका. टी ट्री ऑइल मांजराला आणि कुत्र्याला विषारी आहे, फरशीच्या पाण्यात टाकलं की ते पंज्यावरून चाटून पोटात जातं. मला तर वाटतं सुगंधी तेलांची गरजच नाही, स्वच्छ घराला वास नसतो.

आणि कुठलंही द्रव पिण्याच्या पाण्याच्या किंवा सरबताच्या जुन्या बाटलीत भरून ठेवू नका. घरात मूल असो नसो.

पायरी ८: झोपायच्या खोल्या आणि बाकीचं, पटकन

चादरी-अभ्रे आठवड्याला एकदा, घरात धुळीची ॲलर्जी असेल तर ६० अंशाच्या पाण्यात, कारण धुळीतले बारीक किडे साध्या कोमट पाण्यात मरत नाहीत. गादी व्हॅक्युम करा, अधूनमधून उलटी करा. उठल्या उठल्या पलंग लगेच झाकू नका, तासभर हवा लागू द्या. लाकडी सामानाला घट्ट पिळलेलं फडकं, लगेच कोरडं. टीव्ही-कॉम्प्युटरच्या स्क्रीनला कोरडं मायक्रोफायबर, स्प्रे थेट स्क्रीनवर कधी नाही. काचा उन्हात पुसू नका, पाणी चटकन सुकून रेघा उमटतात. वॉशिंग मशीनचं दार उघडं ठेवायचं, रबराच्या घडीत साठलेलं पाणी पुसायचं, महिन्याला एकदा रिकामं मशीन गरम पाण्यावर फिरवायचं.

पायरी ९: कुणी करायचं?

आता तो पहिल्या पायरीतला कागद काढा. प्रत्येक कामापुढे दोन गोष्टी लिहा, किती वेळ लागतो आणि सध्या कोण करतं. खरंखुरं लिहा. बऱ्याच घरात दुसऱ्या रकान्यात खालपासून वरपर्यंत एकच नाव येतं आणि ते बाईचं असतं. ते एकदा लिहिलेलं दिसलं की घरात बोलणं सोपं जातं, वाद घालावा लागत नाही, कागदच बोलतो.

यात तब्येतीचा पण प्रश्न आहे. २०१८ साली नॉर्वेच्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला, सहा हजारांवर लोकांची सुमारे २० वर्षांतली माहिती त्यात होती, आणि घरी सफाई करणाऱ्या किंवा सफाईचं काम नोकरी म्हणून करणाऱ्या बायकांच्या फुफ्फुसांची ताकद सफाई न करणाऱ्यांपेक्षा जास्त वेगानं कमी झालेली दिसली. म्हणून स्प्रे हवेत मारू नका, फडक्यावर घ्या, खिडकी उघडा, आणि सौम्य वस्तू व वेळ यांच्यावर काम भागत असेल तर तेच करा. हे स्वतःसाठी जेवढं खरं तेवढंच आपल्याकडे कामाला येणाऱ्या माणसासाठी.

आधी घरातल्या घरात वाटणी करून बघा, महिनाभर. रोजची कामं (भांडी, ओटा, कचरा, झाडणं) वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यात वाटली तर बरंच निघतं. तरी कागदावर कामं उरतायत, कुणी आजारी आहे, तान्हं बाळ आहे, म्हातारी माणसं आहेत, दोघंही रात्री उशिरा येतात, तर मग माणूस ठेवा, मनात अपराधीपणा न ठेवता.

पायरी १०: माणूस ठेवताना

दोन प्रकार आहेत. एक, नेहमी येणारी व्यक्ती, आणि दुसरं, एखाद्या कंपनीची टीम जी एक दिवस येऊन पूर्ण घर धुवून जाते. घर बदलताना, रंगकाम झाल्यावर, किंवा वर्षानुवर्षं हात न लागलेल्या चिमणीसाठी टीम बरी. नेहमीसाठी ओळखीची व्यक्ती बरी, कारण तिला तुमचं घर कळत जातं.

टीम बोलावली तर आधी विचारा: कुठली केमिकल्स आणणार, मोडतोड झाली तर कोण भरणार, माणसांचा अपघाताचा विमा आहे का, आणि दरात नेमकं काय धरलंय (कपाटं आतून की नुसती बाहेरून, ह्यावर हमखास भांडण होतं). संगमरवर कुठं आहे ते आल्या आल्या दाखवा.

नेहमीच्या व्यक्तीबरोबर पहिल्या दिवशी घरभर एकत्र फिरा, तोच कागद हातात घेऊन. "घर स्वच्छ ठेवा" हे सांगणं झालं नाही, "बुधवारी बाथरूमच्या टाइल्स, शुक्रवारी पंखे" हे सांगणं झालं. त्यांनाच विचारा किती वेळ लागेल, आणि त्या म्हणतील त्यावर विश्वास ठेवा, एका तासात तीन तासांचं काम कुणाच्याच हातून होत नाही, मग कोपरे सुटतात आणि आपण त्यांना आळशी म्हणतो. दिवस, तास, कामं, पगार, पगाराची तारीख, सुट्ट्या, दोन्ही बाजूंनी किती दिवस आधी सांगायचं, हे सगळं साध्या कागदावर लिहून दोघांकडे एक एक प्रत. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या आकड्यांप्रमाणे जगात साडेसात कोटींपेक्षा जास्त लोक घरकामावर जगतात, त्यात चारात तीन बायका. २०११ साली याच संघटनेनं घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला, त्यात आठवड्याला सलग किमान २४ तास विश्रांती, अटी आधी स्पष्ट सांगणं, सुरक्षित काम हे सगळं आहे. तुमच्या इथला कायदा काय म्हणतो ते बघाच, पण कायदा नसला तरी भरपगारी सुट्टी द्या, आजारपणात पगार कापू नका, आणि तुम्ही गावाला गेलात म्हणून त्यांचा महिना कापू नका, त्यांनी ती वेळ तुमच्यासाठी राखून ठेवलेली असते.

हातमोजे त्यांच्या मापाचे आणा. लांब दांड्याचा मॉप आणा, गुडघ्यावर बसून फरशी पुसायला लावू नका. बाटल्या मूळ लेबलच्याच ठेवा आणि कशात काय मिसळायचं नाही हे पहिल्याच दिवशी दाखवा. उंच खिडक्या बाहेरून पुसायला कधीच सांगू नका, जड कपाट एकट्यानं सरकवायला सांगू नका. पाणी, बसायला जागा, संडास वापरायची मोकळीक, हे मागायला लागू नये.

दागिने-पैसे आपणच कुलपात ठेवावेत, म्हणजे उद्या काही सापडलं नाही तर संशयाची वेळच येत नाही. घरात कॅमेरा असेल तर तो कुठं आहे ते सांगा. काही चुकलं तर त्याच दिवशी, एकटं असताना, नेमकं सांगा, "ह्या कोपऱ्यात क्षार राहिलेत, व्हिनेगर जरा जास्त वेळ ठेवूया का ताई," एवढं पुरतं. आणि मुलांनी पसारा त्यांच्या भरवशावर टाकायचा नाही, टोपलीचा नियम तसाच चालू ठेवायचा.

महिन्यानं परत तो कागद घेऊन दोघी बसा. कुठली कामं उगाच दर आठवड्याला होतायत, कुठली राहून जातायत, कुठल्या कामाला लिहिला त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आमच्या ताईंनी असंच बसल्यावर सांगितलं की बाथरूमला व्हिनेगर लावून पडून राहू द्यायचं तर त्यांनी यायच्या आधी वीस मिनिटं मीच लावून ठेवावं, म्हणजे त्या आल्या की थेट घासायला घेतील. आता मी सकाळी लावते, दारावर चिठ्ठी चिकटवते, खिडकी उघडी ठेवते, आणि त्या दिवशी त्या पंधरा मिनिटं लवकर घरी जातात.